बांधकामाच्या साइटवरच्या नकाशांचा कागद वाचवताना

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात उन्हात मोबाइलची स्क्रीन दिसत नाही, फोन तापून बंदही पडतो. त्यामुळे ‘सगळं पीडीएफवरच बघा’ हे साइटवर चालत नाही. मिस्त्रीच्या हातात कागद लागतोच. फक्त तो ए१ आकाराचा असण्याची गरज क्वचित असते.

ए१ चा नकाशा ए३ वर काढला की कागद एक चतुर्थांश लागतो आणि १:१०० चं प्रमाण नेमकं १:२०० होतं. अडचण अक्षरांची. ए१ वर २.५ मिमी उंचीची अक्षरं ए३ वर सव्वा मिमीची होतात. १२ मिमीची सळई की १६ ची, हे सळई बांधणाऱ्या फिटरला कळत नाही. म्हणून मूळ ड्रॉइंगमध्येच अक्षरं ५ मिमी ठेवा. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ (पानात बसेल तसं) मात्र कधीच नको, त्यात प्रमाण कुठलंही येतं. कोपऱ्यात स्केल बार, म्हणजे मापं लिहिलेली पट्टी, असला की गडबड लगेच पकडता येते.

भिंतींना भरीव काळा रंग देण्याऐवजी तिरप्या रेघांचा हॅच द्या, शाई बरीच वाचते. इंकजेटची शाई क्युरिंगच्या (काँक्रीटवर मारायच्या) पाण्याने फुटते आणि तोच नकाशा पुन्हा काढावा लागतो. साइटची प्रत लेझरवर काढा, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा.

बदल झाला तर पूर्ण सेट नको, बदललेलं पान तेवढं काढा. जुन्यावर लाल पेनाने मोठी फुली मारून ‘रद्द’ लिहा, मगच पाठकोरी म्हणून सळईच्या हिशेबाला घ्या. फुली मारायची राहिली तर सेंटरिंगवाला (काँक्रीटचे साचे लावणारा) हमखास जुनंच पान उचलतो.