प्रायमाक्विनचे चौदा दिवस

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका मेडिकलमध्ये मी २६ वर्षं फार्मासिस्ट आहे. पाऊस ओसरायला लागला की हिवतापाच्या, म्हणजे मलेरियाच्या, चिठ्ठ्या सुरू होतात. त्यांत बऱ्याचदा चौदा दिवसांची प्रायमाक्विनची गोळी असते, आणि त्यातला एखादा तरी काउंटरवर म्हणतोच, "बेन, ताप तर उतरला, चौदा गोळ्या कशाला? पाचच द्या." दुसरा दबकत विचारतो, "ही गोळी रक्त जाळते म्हणतात, खरं का?" पहिल्याला मी पाच गोळ्या देत नाही. दुसऱ्याला "काही होत नाही हो" असं पूर्वी म्हणायचे, आता म्हणत नाही.

आधी चौदा दिवसांचं. रिपोर्टमध्ये "व्हायवॅक्स" लिहिलं असेल, तर हिवतापाच्या त्या जंतूची एक खोड असते. रक्तातले जंतू क्लोरोक्विनने तीन दिवसांत मरतात, ताप जातो, माणूस कामाला लागतो. पण काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी सात-आठ महिन्यांनीही उठतात. नवा डास चावायची गरजच नसते. या झोपलेल्यांवर क्लोरोक्विन चालत नाही, प्रायमाक्विन लागतं. म्हणजे ताप उतरणं आणि प्रायमाक्विन संपणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाचव्या दिवशी सोडलेला कोर्स हा न घेतलेल्या कोर्सच्या जवळच जातो. (फाल्सिपेरम हा हिवतापाचा दुसरा जंतू असेल तर हिशेब वेगळा असतो. तिथे मुख्य औषध आर्टेसुनेटचं असतं आणि प्रायमाक्विनचा एकच डोस. शेजाऱ्याची चिठ्ठी बघून आपलं औषध ठरवू नका.)

आता रक्ताचं. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली, त्यानंतरची गोष्ट. ताईचा मुलगा समा भागात राहतो, तेव्हा वीस वर्षांचा होता. थंडी वाजून ताप आला, तपासणीत व्हायवॅक्स निघाला. चिठ्ठीवर क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन होतं. औषध माझ्या हातूनच गेलं. जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या एका एन्झाइमची) तपासणी झाली का, हे ना लिहून देणाऱ्याने विचारलं ना मी. प्रायमाक्विनच्या तिसऱ्या रात्री फोन आला, "मावशी, लघवी काळी होतेय." मी त्याला काचेच्या ग्लासात धरायला सांगितलं आणि रिक्षाने गेले. ट्यूबलाइटसमोर ग्लास धरला, तर आत कोऱ्या चहासारखा रंग. डोळे पिवळे झालेले, आणि दोन जिने उतरेपर्यंत त्याला धाप लागली. त्याच रात्री दवाखान्यात भरती केलं. गोळी बंद, सलाईन सुरू. हिमोग्लोबिन १४ वरून साडेआठवर आलं होतं. पोरगा बरा झाला. ताईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मी तो ग्लास विसरलेले नाही.

जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींमधलं एक एन्झाइम आहे. काही औषधांचा पेशींवर मारा होतो, तेव्हा ते त्यांना सांभाळतं. ज्यांच्यात ते जन्मतः कमी असतं, त्यांच्या पेशी प्रायमाक्विनने फुटायला लागतात, आतलं द्रव्य लघवीवाटे बाहेर पडतं आणि लघवी काळी दिसते. एरवी असा माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. हे आईकडून मुलाकडे येतं, म्हणून त्रास जास्त करून मुलग्यांना होतो. पारशी कुटुंबांत हे प्रमाण जास्त आढळतं, पण म्हणून बाकीच्यांनी निर्धास्त राहावं असं नाही. आम्ही कऱ्हाडे ब्राह्मण, आणि आमच्याच घरात निघालं.

म्हणून पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, "जी-सिक्स-पीडी करायची का?" विचारायला लाजू नका. क्लोरोक्विन लगेच सुरू करता येतं. प्रायमाक्विन रिपोर्ट येईपर्यंत एक-दोन दिवस थांबवायचं का, हे डॉक्टर ठरवतील. एन्झाइम कमी निघालं म्हणजे सगळे रस्ते बंद झाले असं नाही. कधी आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली हे औषध देतात. पण ते घरी आपल्या मनाने करायचं काम नव्हे.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भाच्याची ही तपासणी दवाखान्यात झाली तेव्हा ती नॉर्मल आली! कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या नव्या पेशींमध्ये ते बऱ्यापैकी असतं, त्यामुळे रिपोर्ट फसवतो. रक्त चढवल्यावरही तसंच होतं. तीन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हा कमतरता स्पष्ट दिसली. मग मी माझ्या मुलाचीही करून घेतली, कारण ताईकडून आलं तर माझ्याकडूनही येऊ शकतं.

डॉक्टरांना आणखी काय सांगायचं? गरोदर असाल तर आधी तेच. पोटातल्या बाळाच्या एन्झाइमचं कळायला मार्ग नसतो, म्हणून गरोदरपणात प्रायमाक्विन देत नाहीत. आपल्याकडच्या राष्ट्रीय धोरणात वर्षाखालच्या बाळालाही नाही. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. संधिवात किंवा ल्यूपस असेल, मेथोट्रेक्सेट चालू असेल, कुष्ठरोगासाठी किंवा त्वचेसाठी डॅप्सोन चालू असेल, तर त्या गोळ्यांची स्ट्रिपच घेऊन जा. नाव तोंडी सांगताना चुकतं.

मात्रा वजनावर ठरते. चौदा दिवसांच्या कोर्समध्ये किलोमागे पाव मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम. बाजारात गोळी साडेसातचीही मिळते आणि पंधराचीही, दिसायला जवळपास सारखीच. चिठ्ठीवरचा आकडा आणि स्ट्रिपवरचा आकडा शेजारी शेजारी धरून वाचा. घरात साडेसातची उरलेली असते, दुकानातून पंधराची येते आणि कोणीतरी "दोन घ्यायच्या आहेत" असं लक्षात ठेवलेलं असतं. मी स्ट्रिपच्या मागे प्रत्येक गोळीपाशी पेनने तारीख घालून देते. तुमच्या दुकानदाराने नाही घातली, तर स्वतः घाला.

उपाशीपोटी घेऊ नका. प्रायमाक्विनचा नेहमीचा त्रास म्हणजे पोटात कळा आणि मळमळ, आणि कोर्स सोडणारे बरेच जण तो यापायीच सोडतात. सकाळी नुसत्या चहावर घेतलेली गोळी त्रास देते, दुपारच्या वरण-भातावर घेतलेली बहुधा मुकाट राहते. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी न घेता फोन करून विचारा. एखादा दिवस राहिला, तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. एकच घ्यायची, आणि कोर्स एक दिवस लांबेल का ते विचारायचं.

जी-सिक्स-पीडी नॉर्मल आली असली तरी पहिला आठवडा रोज सकाळी लघवीचा रंग बघा. बायकांमध्ये ही कमतरता अर्धवट असू शकते आणि तपासणीत निसटते. भारतीय पद्धतीच्या संडासात रंग कळत नाही, म्हणून काचेचा एक जुना ग्लास वेगळा काढून ठेवा. गडद पिवळी लघवी पाणी कमी प्यायल्यानेही होते. चहासारखी, कोकमासारखी किंवा काळपट झाली, तर पुढची गोळी नाही आणि त्याच दिवशी दवाखाना. डोळे पिवळे होणं, चेहरा पांढराफटक पडणं, थोडं चालून धाप लागणं, कंबरेत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर दिसणं, यातलं काहीही असलं तरी तेच. सकाळची वाट बघू नका.

क्लोरोक्विनबद्दल थोडं. तेही जेवणानंतर. कडू लागतं, मळमळ होते, काहींच्या अंगाला पुरळ नसताना खाज सुटते, काहींना दोन दिवस जवळचं धुरकट दिसतं. असं दिसत असेल तर स्कूटर चालवू नका. फिट्सचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल किंवा सोरायसिस असेल, तर आधी सांगा. अ‍ॅसिडिटीचं औषध त्याच वेळी घेतलं तर क्लोरोक्विन नीट शोषलं जात नाही, दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. आणि उरलेल्या गोळ्या कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपात. या औषधाच्या एक-दोन गोळ्यांनीही रांगत्या मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो.

औषध सुरू असताना ताप तिसऱ्या दिवसानंतरही राहिला, किंवा रोगी बरळायला लागला, झटके आले, पाणीही पोटात ठरेना, तर दोष गोळीचा की जंतूचा याचा खल घरी करत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या.

भाच्याला त्या जानेवारीत पुन्हा ताप आला. रक्त तपासलं, व्हायवॅक्सच होता, नुसत्या क्लोरोक्विनवर भागवलं. त्याच्या पाकिटात आधारकार्डामागे लॅबचा कागद घडी घालून ठेवलेला असतो, आणि कोणत्याही डॉक्टरसमोर बसला की तो आधी तो काढतो. ताईने घरातल्या ट्रंकांमधून डांबराच्या गोळ्याही काढून टाकल्या, कारण अशा माणसाचं रक्त त्यांनीही फुटू शकतं. साड्यांमध्ये आता कडुनिंबाची वाळलेली पानं असतात.