मागचा आवाज अखेर ऐकू आला

बाइकवर एकमेकांशी बोलता यावं म्हणून दोन्ही हेल्मेटना ब्लूटूथ इंटरकॉम (माइक आणि स्पीकरचा संच) बसवला, पेअरिंगही झालं. पण वेग ६० च्या पुढे गेला की मागे बसलेली बायको काय बोलते ते कळेना. नुसता वाऱ्याचा घोंघाट. आवाज वाढवून वाढवून कान दुखायला लागले.

दोष जागेत निघाला. माझा स्पीकर कानाच्या भोकापासून चांगला दोन बोटं मागे चिकटवला होता. हेल्मेट घालून नेमकी खूण केली, वेल्क्रो तिथे लावला, मागे पातळ फोम दिला. स्पीकर कानाला टेकू मात्र देऊ नका, तासाभरात कान ठणकतो. तिचा माइक तर उलटा होता! माइकवरच्या खुणेची बाजू ओठांकडे फिरवली, स्पंजची टोपी नीट बसवली.

आता ८० लाही "जरा थांब रे, पाणी पिऊ" स्वच्छ ऐकू येतं.