सरकारी आर्थिक मदतीची नोंद हिशेबात कशी करावी

सरकारकडून मिळालेली मदत बँक खात्यात जमा झाली की ती त्याच दिवशी उत्पन्नात दाखवून मोकळे होण्याकडे लहान व्यावसायिकांचा कल असतो. मात्र त्या रकमेचे उत्पन्न केव्हा धरायचे हे खातेउताऱ्यावरील तारखेवरून नव्हे, तर मंजुरीपत्रातील अटींवरून ठरते. आंतरराष्ट्रीय लेखा मानक क्रमांक 20 हे 1983 साली याच विषयासाठी काढण्यात आले; पुढील क्रम त्यालाच धरून आहे.

प्रथम मंजुरीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे आणि प्रत्येक अट, तिची मुदत व तिच्या पूर्ततेचा पुरावा यांची टिपणी करावी. अटी पाळल्या जातील आणि रक्कम मिळेल, अशी वाजवी खात्री झाल्यावरच अनुदानाची नोंद करता येते. रक्कम हाती आली म्हणजे अटी पूर्ण झाल्या, असे मानक मानत नाही. खात्री नसेल तर आलेले पैसे देणे म्हणून दाखवावेत.

त्यानंतर मदत कशासाठी आहे ते पाहावे. वेतनासाठीची मदत ज्या महिन्यांच्या वेतनाची असेल, त्याच महिन्यांत उत्पन्नात घ्यावी. पूर्वीच झालेल्या नुकसानीची भरपाई मात्र ती मिळण्याचा हक्क निर्माण होतो त्या काळात एकदम घ्यावी. यंत्रासाठीच्या अनुदानात खरी कसोटी लागते. समजा, यंत्राची किंमत 10,00,000, अनुदान 4,00,000 आणि यंत्राचे आयुष्य 10 वर्षे आहे. अनुदान स्थगित उत्पन्न (म्हणजे मिळालेले, पण पुढील वर्षांत थोडे थोडे उत्पन्नात घ्यायचे पैसे) म्हणून ताळेबंदात ठेवून दरवर्षी 40,000 उत्पन्नात घेता येते आणि 1,00,000 घसारा (यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी धरलेला खर्च) वेगळा दाखवता येतो. किंवा यंत्राची किंमतच 6,00,000 धरून दरवर्षी 60,000 घसारा लावता येतो. नफ्यावरील परिणाम दोन्हींत सारखाच होतो, तरी पहिल्या पद्धतीत मदत स्पष्ट दिसत असल्याने बँकेला कागदपत्रे दाखवताना तीच मला अधिक सोयीची वाटते.

मदत कर्जाच्या रूपात असेल तर अधिक सावध राहावे. बाजारापेक्षा कमी व्याजदराचा लाभ हेही अनुदानच असते आणि त्याचे मोजमाप करावे लागते. हे गणित लेखापालाकडूनच करून घ्यावे. माफ होऊ शकणारे कर्ज, माफीच्या अटी पूर्ण होतील अशी वाजवी खात्री होईपर्यंत, कर्ज म्हणूनच ठेवावे. करआकारणीचे नियम देशागणिक वेगळे असल्याने ती बाब स्वतंत्रपणे विचारावी.

वर्षअखेरीस अवलंबलेली पद्धत, मदतीचे स्वरूप आणि अपूर्ण अटी यांचा खुलासा टिपांमध्ये द्यावा. पुढे अट मोडल्यामुळे रक्कम परत करावी लागली, तर मागील वर्षांचे हिशेब पुन्हा उघडू नयेत. वेतनासारख्या खर्चासाठीच्या अनुदानाची परतफेड आधी शिल्लक स्थगित उत्पन्नातून वजा करावी आणि उरलेली रक्कम चालू वर्षाच्या नफातोटा पत्रकात खर्ची टाकावी.