डीव्हीडी राइट करण्याआधी फील्डचा क्रम तपासा

टीव्हीवरचा कार्यक्रम संगणकावर रेकॉर्ड करून त्याची डीव्हीडी काढायची, तर टीव्ही ट्यूनर कार्ड (टीव्हीचं चित्र संगणकात घेणारं कार्ड) बसवणं, सेट टॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर त्याला जोडणं, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. नवा माणूस अडतो तो त्याच्या पुढे. कार्यक्रम रेकॉर्ड झालेला असतो, डीव्हीडीही निघालेली असते, आणि टीव्हीवर लावली की गाणाऱ्याचा हात थरथरायला लागतो. संगणकावर मात्र तेच दृश्य नितळ दिसतं. मी इथे फार काळ अडकून पडले होते. अजूनही कुणी नवशिक्याला 'डिस्क हलकी असेल, दुसरी आण' असं सांगितलं की वाईट वाटतं, कारण डिस्कचा याच्याशी काही संबंध नसतो.

आपल्याकडची टीव्हीची पाल (PAL) पद्धत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्रं, दाखवते. त्यातली प्रत्येक फ्रेम दोन फील्डची: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. म्हणजे सेकंदाला 50 फील्ड. स्टुडिओच्या कॅमेऱ्याने टिपलेलं कीर्तन, नाटक, क्रिकेटचा सामना यांत ही दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात. दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. त्यातलं आधीचं कोणतं, हे एन्कोडरला (रेकॉर्डिंग डीव्हीडीच्या साच्यात बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सांगावं लागतं. ट्यूनर कार्डं बहुतेक वेळा वरचं फील्ड, म्हणजे चित्राची सगळ्यात वरची ओळ ज्यात असते ते, आधी देतात. डिजिटल कॅमकॉर्डरच्या डीव्ही टेपवर मात्र खालचं आधी असतं. सेटिंग उलटं पडलं की टीव्ही नंतरचा क्षण आधी दाखवतो, मग मागचा, मग पुन्हा पुढचा. थरथर येते ती यातून. संगणकावरचे प्लेअर बरेचदा दोन्ही फील्ड एकत्र करून, नाहीतर एक गाळून चित्र दाखवतात, म्हणून दोष तिथे लपतो.

चाचणी कशावर घेता यालाही महत्त्व आहे. सिनेमावर घेऊ नका. पाल प्रसारणात सिनेमाच्या फ्रेमची दोन्ही फील्ड सहसा एकाच चित्रातून आलेली असतात, त्यामुळे क्रम उलटा असला तरी काही जाणवत नाही. मी पहिल्या चाचण्या जुन्या चित्रपटांवर घेतल्या, म्हणूनच इतकी भरकटले. बातम्यांच्या तळाशी आडवी सरकणारी पट्टी घ्या. दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा वापरता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर राइट करा आणि घरच्या प्लेअरमधून टीव्हीवर बघा. पट्टीतली अक्षरं फाटल्यासारखी हलली तर क्रम उलटा आहे. टीव्हीपर्यंत जायचं नसेल तर एव्हीसिंथ या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फील्ड सुटी करून एकेक पुढे सरकवा. हालचाल एकाच दिशेने जायला हवी.

हा क्रम आणखी एका ठिकाणी बिघडतो, आणि ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. चित्राच्या वरच्या कडेची खराब पट्टी कापताना 7 ओळी कापल्या की सम-विषमची अदलाबदल होते आणि नीट असलेला क्रम उलटतो. 8 कापा. चित्र ताणून किंवा दाबून त्याची 576 ओळींची उंचीही कमीजास्त करू नका. तसं केलं की दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग कोणतंही सेटिंग ते सोडवू शकत नाही.

पण घाबरून जाऊ नका. मूळ कॅप्चर (कार्डाने घेतलेलं पहिलं रेकॉर्डिंग) शाबूत असेल तर पुन्हा एन्कोड करायचं, एवढंच. म्हणून डीव्हीडी टीव्हीवर पूर्ण बघून होईपर्यंत मूळ फाइल पुसायची नाही. जागेची तयारी ठेवा. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे 13 जीबी लागतात, काहीच न दाबता (कॉम्प्रेस न करता) घेतलं तर सुमारे 75. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या. फॅट 32 वर 4 जीबीला फाइल तुटते.

बाकीचं सोपं आहे. डीव्हीडीला आवाज 48 किलोहर्ट्‌झ लागतो, तेव्हा सुरुवातीपासून तोच निवडा. 4.7 जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे तर चित्राचा बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) 4.8 मेगाबिटच्या आसपास ठेवा. एका तासासाठी 8 पुरेसा आहे. वरची मर्यादा 9.8 असली तरी तिथवर ताणलं की जुने प्लेअर अडखळतात. 16 वेगाची डिस्क मी 8 वर राइट करते आणि नंतर पडताळणी कधीच टाळत नाही.

'एका बटणात टीव्ही ते डीव्हीडी' म्हणणारी सॉफ्टवेअरं शिकताना वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. ती फील्डचा क्रम स्वतःच ठरवतात, आणि चुकली तर तुम्हाला शोधायचं कुठे ते कळत नाही. त्याऐवजी गावात लग्नाच्या कॅसेट एडिट करणारं कुणी असेल तर त्यांच्याशेजारी एक दुपार बसा. त्यांनी शेकडो तास चित्रण टीव्हीवर बघितलेलं असतं, थरथर त्यांना लगेच ओळखू येते. पैसे घेऊन क्लास चालवणाऱ्या एकाने मला फील्ड हा शब्दसुद्धा सांगितला नव्हता.

हे काम धंदा म्हणून करणार असाल तर आधी कायदा बघा. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 39 स्वतःच्या खाजगी वापरासाठी, तसंच प्रामाणिकपणे केलेल्या अध्यापन-संशोधनासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करू देतं. त्याच्या प्रती काढून विकणं यात बसत नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. लोकांच्या घरातल्या बारशा-लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर करून देण्याचं काम घ्या. वायर तीच, कार्ड तेच, आणि फील्डची चाचणीही तीच. फक्त व्हीएचएसला चित्राच्या तळाशी काही ओळी हमखास विस्कटलेल्या येतात. त्या कापून टाकण्यापेक्षा काळ्या पट्टीने झाका, म्हणजे उंची 576च राहील.