सॅटेलाईट नकाशातला एक चौकोन म्हणजे किती गुंठे? लाल दिसलं म्हणून फवारू नका

पाऊस जरा उघडला की निपाणी, चिकोडी, खानापूर सगळीकडं मोबाईलवर पिकाची तब्येत रंगानं दाखवणारे ते हिरवे-पिवळे-लाल नकाशे फिरायला लागतात आणि रान लाल दिसलं की लोक लगेच औषधाच्या दुकानात. थांबा जरा, आधी तो लाल चौकोन जमिनीवर केवढा आहे ते बघा.

असल्या बऱ्याच नकाशांमागं युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो असतात. त्याचा सगळ्यात बारीक पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक चौकोन, १० बाय १० मीटरचा, १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास आपला एक गुंठाच. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा, तिथं एका चौकोनात साधारण ९ गुंठे बसतात. अमेरिकेच्याच उपग्रहांवरच्या मोडिस कॅमेऱ्याचा २५० मीटरवाला तर एकटाच १५ एकर खातो, दुष्काळ बघायला ठीक, तुमच्या रानाला काय उपयोग नाही.

आता त्या गुंठ्यात ऊस, गवत, चर, आंब्याची सावली जे काय असेल त्या सगळ्याचा मिळून एकच आकडा येतो. शितावरून भाताची परीक्षा इथं होत नाही, कारण शीत वेगळं दिसतच नाही. हुमणीनं (मुळं खाणारी अळी) उसाची दोन-चार बेटं वाळवली तरी चौकोन हिरवाच. उलट तंबाखू नुकती लावलेली असेल तर चौकोनात रोपापेक्षा मातीच जास्त, तो पिवळा दिसणारच, त्यावरून युरिया टाकत बसू नका.

खरी गडबड बांधावर होते. समजा १० गुंठ्यांचं खाचर, २० मीटर रुंद आणि ५० मीटर लांब. रुंदीत दोनच चौकोन मावतात, आणि ते काय आपला बांध धरून बसत नाहीत, जरा सरकले की मधली एकच रांग निव्वळ तुमची, कडेच्या दोन्ही रांगांत शेजाऱ्याचं पीक मिसळलेलं. खाचर तिरकं असलं तर तेवढंही हाताला लागत नाही. अशा रानात नकाशा सोडा आणि पायानं फिरा. दोन-चार एकराचा सलग ऊस किंवा सोयाबीन असेल तर बांधाकडचा एक-एक चौकोन सोडून आतलं वाचा.

झूम केल्यावर चौकोन मऊ होऊन झकास दिसतात, त्याला भुलू नका. सेंटिनेल-२ चे रेड-एज पट्टे (लाल रंगाच्या पलीकडच्या कडेचा प्रकाश टिपणारे) मुळात २० मीटरचे, ते कापून १० च्या चौकोनात भरले तरी माहिती चार गुंठ्यांचीच राहते. म्हणून ॲपवाल्याला सरळ विचारा, मूळ फोटो किती मीटरचा आणि कुठल्या तारखेचा? मागं जो स्पष्ट फोटो दिसतो, ज्यात विहीरसुद्धा ओळखू येते, तो बऱ्याचदा जुना असतो, वर फक्त रंग नवा टाकलेला.

सेंटिनेल-२ चा फोटो साधारण ५ दिवसांनी येतो, पण ढग असला की गेला. ढगाची सावलीसुद्धा पीक खराब असल्यासारखी दिसते, त्यामुळं एका फोटोवर जाऊच नका. दोन निरभ्र तारखा घ्या, दोन्हीत तेच तीन-चार लागून असलेले चौकोन लाल-पिवळे दिसले तर तिथं जाऊन मूळ उकरा, हुमणी आहे का, पाणी तुंबलंय का बघा, नाहीच कळलं तर रोप उपटून शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दाखवा. दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला पाणी कुठवर चढलंय ते सेंटिनेल-१ चा रडार ढगातूनही दाखवतो, पण रोग ओळखायला त्याच्यावर विसंबू नका.

ड्रोनचा पिक्सेल काही सेंटीमीटरचा, त्यात बेट न बेट दिसतं. फक्त ठरवताना किती उंचीवरून उडवणार ते विचारा, तोच कॅमेरा दुप्पट उंचीवर नेला की पिक्सेलची बाजूही दुप्पट होते.