सहाशेच्या बीआरएममध्ये वेळ कुठे जातो

बीआरएम म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. माझी पहिली सहाशे किलोमीटरची राइड 35 मिनिटांनी हुकली. मुदत 40 तासांची, मला लागले 40 तास 35 मिनिटं. पाय शाबूत, सायकल शाबूत, आणि तरी बाद. घरी येऊन मीटर बघितलं तर चाकं फिरली होती 28 तास 50 मिनिटं. म्हणजे पावणेबारा तास मी कुठे ना कुठे थांबलेली होते! झोपेचे तीन तास सोडा. उरलेले पावणेनऊ?

इंदूरला माझी छोटी खानावळ आहे. अकराच्या आत 60 डबे बाहेर पडतात, त्यामुळे कुकरला किती मिनिटं आणि पोळ्यांना किती हे मला झोपेतही सांगता येतं. तीच बाई ढाब्यावरच्या खाटेवर पाय पसरून दुसऱ्या चहाची वाट बघत होती. कोणी घाई केली नाही, मीही केली नाही.

पुढच्या वर्षी मी आणखी सावकाश चालवली. चाकावर 29 तास 40 मिनिटं गेली, पण एकूण 37 तास 20 मिनिटांत घरी. पाय काही सुधारले नव्हते, थांबे सुधारले होते. म्हणून आमच्या सकाळच्या ग्रुपातलं कोणी ‘ताई, कोणती सायकल घेऊ?’ असं विचारलं (निम्मे जण दीदी म्हणतात, इंदूरच ते), की मी आधी वही घ्यायला सांगते.

गणित सोपं आहे. मुदत 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटर पडतात. रेस अ‍ॅक्रॉस अमेरिकासारख्या शर्यतीतही तेच: सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याला 12 दिवस, रोजचे 400. झोपेसकट ताशी साडेसोळा-सतराच होतात. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 साली ती एकट्याने पूर्ण केली. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण घड्याळ त्यांचंही थांबत नव्हतं आणि माझंही थांबत नाही.

तर आधी दोनशेच्या राइडला प्रत्येक थांबा लिहून काढा: कुठे, किती मिनिटं, कशासाठी. घरी येऊन बेरीज करा. लाज वाटेल, वाटू द्या. मग नियम ठरवा. माझे असे आहेत: पेट्रोल पंपावर 10 मिनिटं, ढाब्यावर 25. उतरायच्या आधीच काय काय करायचं ते मोठ्याने म्हणायचं, ‘पाणी, बाथरूम, दिवा’. उतरल्यावर पहिल्यांदा बाटल्या भरायच्या, जेवण नंतर. पोट भरलं की बाटल्या विसरतात. आणि खाटेवर बसायचं नाही. खुर्चीवरून माणूस उठतो, खाटेवरून उठत नाही. बायकांनी एक गोष्ट पक्की करावी: बाथरूमसाठी ढाब्याच्या भरवशावर राहू नये, मोठा पंप दिसला की गरज नसली तरी जाऊन यावं.

निम्मे थांबे खाण्यापायी होतात, म्हणून खाणं खिशात ठेवायचं. बाजारातल्या एनर्जी जेलच्या पुड्या मला दहा तासांनंतर नकोशा होतात. मी गुळाच्या दशम्या नेते. कणीक गुळाच्या दुधात भिजवायची, चिमूटभर मीठ, वेलची नाही (उन्हात मळमळतं), आणि तूप अगदी कमी. एका दशमीत साधारण 40 ग्रॅम कार्बोहायड्रेट जातं. चार तुकडे करून बटर पेपरात गुंडाळायचे, पुढच्या पिशवीत उभे रचायचे, म्हणजे एका हाताने निघतात. दर अर्ध्या तासाला दोन तुकडे, भूक असो नसो. बाटलीत साखर-लिंबू-मीठ, त्यातून ताशी आणखी 20 ग्रॅम. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते अर्ध्या बाटलीत ओतू नका. आणि तहान नसताना साधं पाणी ढोसतही बसू नका, मीठ पातळ झालं तरी डोकं फिरतं. पोहे-जलेबी निघताना खुशाल खा, रात्री दोनला शेव नको.

आता टायर. आग्रा-मुंबई रस्त्यावर ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे कडेला पडून असतात. सेंधव्याच्या अलीकडे रात्री साडेअकराला मी ट्यूब बदलली, आठ किलोमीटरवर परत बसली. तार टायरमध्येच होती. बोट फिरवून कळत नव्हती, उलट बोट फाटलं असतं. तेव्हापासून कापसाचा बोळा ठेवते. टायरच्या आतून सावकाश फिरवायचा, तार असेल तिथे तंतू अडकतो. मग नेलकटरने पकडून सरळ ओढायची. हेच घरी दिवे मालवून, डोक्याला टॉर्च बांधून करून बघा. मला पहिल्यांदा 31 मिनिटं लागली होती, आता 12 लागतात.

सरावाचं फार सांगण्यासारखं नाही. चढासाठी महू-मानपूरकडचं जानापाव बरं. शनिवारी दीडशे आणि रविवारी थकल्या पायांनी शंभर, असं महिन्यातून एकदा. मात्र एक अख्खी रात्र चालवल्याशिवाय सहाशेचं नाव घेऊ नका. दोन ते पाच हा वेळ वाईट. रस्त्याची पांढरी रेघ दोन-दोन दिसायला लागली की लगेच उतरायचं. मी एकदा ‘पुढच्या पंपापर्यंत’ म्हणत राहिले आणि चाक डांबरावरून मुरमात गेल्यावर जाग आली. मागून ट्रक नव्हता, एवढंच. आता उजेडात सुरक्षित जागा बघते, कॉफी पिते आणि लगेच 20 मिनिटांचा गजर लावून डोळे मिटते. कॉफी लागू व्हायला तेवढाच वेळ घेते, त्यामुळे उठताना ती हाताशी असते. लॉजवर दीड-दोन तास काढायचे तर कपडे आणि चार्जर रात्री शोधत बसू नका, हातात येतील असे वर ठेवा.

निमाडातून परतताना घाट शेवटी लागतो. नर्मदेकाठचा उकाडा सोडून माळव्याच्या पठारावर चढायचं असतं, तेही दुसऱ्या दुपारी. त्या चढासाठी मी हिशेबात एक तास वेगळा काढून ठेवते आणि त्याला आधी कुठेही हात लावत नाही.

संपल्यावर गाडी चालवत घरी जायचं नाही. मला न्यायला आमचे हे येतात. दुसऱ्या दिवशी खानावळ बंद; तसं फळ्यावर आदल्या आठवड्यापासून लिहिलेलं असतं.