गॅस्केट आणायच्या आधी फ्लँजचं तोंड पाहा भाऊ

आपल्या नागपूरच्या कारखान्यांत, बुटीबोरीत काय अन् हिंगण्यात काय, रोज हेच पाहून राहिलो. लाईन टपकली की हेल्परला पिटाळतात, जा बे इतवारी बाजारात, चार इंची गॅस्केट आण. कोणती? तर म्हणे चार इंची! फ्लँज म्हणजे पाईपाच्या टोकाची बोल्टनं जोडायची रुंद कडा, अन् गॅस्केट म्हणजे दोन फ्लँजच्या मधे दाबून बसवायची चकती. अरे पण फ्लँजचं तोंड कसं आहे ते पाहिलं का कोणी?

आधी लाईनचं प्रेशर शून्य झालंय हे स्वतः पाहा, मग खोला आणि जुनं चिकटलेलं पितळी ब्रशनं साफ करा.

तोंड बोल्टाच्या भोकांसकट एका लेव्हलला असेल तर तो फ्लॅट फेस, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पंपावर-व्हॉल्ववर बहुतेक हाच असतो, त्याला भोकं पाडलेली पूर्ण गॅस्केट लागते. इथे मी स्वतः मार खाल्लाय. बिडाच्या पंपाला स्टीलचा रेझ्ड फेस, म्हणजे मधे उंचवटा असलेला, फ्लँज भिडवला, मधे छोटी रिंग टाकली, पान्याला पाईप घालून आवळला आणि टक्क! पंपाच्या फ्लँजला तडा. मधे उंचवटा आणि कडेला फट असली की बोल्ट कडेला ओढतो, स्टील थोडं वाकून घेतं, बीड वाकत नाही ना बाप्पा. स्टीलवाल्याचा उंचवटा लेथवर काढून सपाट करून घ्यायचा होता, दुसरं काही नाही.

मधे गोल उंचवटा दिसला की रेझ्ड फेस, हा उंचवटा क्लास (म्हणजे फ्लँजची प्रेशर श्रेणी) १५० आणि ३०० ला जेमतेम २ मिमी, ४०० पासून वर ७ मिमी. त्यावरच्या बारीक गोल रेषा गंज समजून ग्राइंडरनं घासू नका, गॅस्केट त्यातच रुतते. नख फिरवून पाहा, आतून बाहेर जाणारा ओरखडा लागला तर गॅस्केट कितीही भारी आणा, वाफ तिथूनच निघणार.

थंड पाण्याला रबर चालतं, वाफेला मात्र स्पायरल वाउंड, म्हणजे धातूची पट्टी गुंडाळून केलेली, ग्रॅफाइटवाली घ्या. बाहेरच्या रिंगच्या कडेचा रंग पाहा, पिवळा म्हणजे ३०४ स्टेनलेस स्टील, हिरवा म्हणजे ३१६, आणि राखाडी पट्टे म्हणजे ग्रॅफाइट, पांढरे म्हणजे पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन. एकदा दबलेली परत लावू नका, चांगली दिसली तरी नाही.

तोंडात खोल खाच असेल तर आरटीजे, म्हणजे रिंग टाईप जॉइंट, त्यात धातूची रिंग बसते आणि ती खाचेपेक्षा नरमच पाहिजे, नाहीतर रिंगऐवजी फ्लँजच खराब होतो.

आवळताना आठ बोल्ट असले तर खडूनं ओळीनं नंबर टाका आणि १-५-३-७-२-६-४-८ असं जा, आधी ३० टक्के टॉर्क (आवळायचा जोर), मग ७०, मग १००, शेवटी गोल फिरून सगळे परत एकदा. गॅस्केट चिकटून राहावी म्हणून ग्रीस फासू नका, ते फक्त स्टडच्या आट्यांना आणि नटाखाली.

आणि उरलेली रबर शीट टिनाच्या शेडमध्ये खिळ्याला टांगू नका, आपल्या मे महिन्यात तिचा पापड होतो, सावलीत सपाट ठेवा.